घर विकायचंय, पण सिटीच्या माणसाला आत घेऊ का?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या एका जुन्या उपनगरातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ६३, नुकतेच निवृत्त. १९२८ साली बांधलेलं विटांचं घर त्यांनी १९९६ मध्ये घेतलं, दोन्ही मुलं तिथेच वाढली. आता मुलाजवळ टेक्ससला जायचं म्हणून घर विकायचं आहे. त्यांच्या गावचा नियम असा, की विक्रीआधी सिटीचा, म्हणजे गावच्या नगरपालिकेचा, इन्स्पेक्टर घर आतून-बाहेरून तपासतो आणि चुकांची यादी देतो. त्या चुका दुरुस्त झाल्याशिवाय, किंवा दुरुस्तीचे पैसे एस्क्रोत, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातल्या खात्यात, अडकवून ठेवल्याशिवाय, क्लोजिंग, म्हणजे विक्रीचा शेवटचा व्यवहार, होत नाही. शेजाऱ्याला गेल्या वर्षी तीन पानी यादी मिळाली. आता गल्लीतले लोक या नियमाविरुद्ध सह्या गोळा करताहेत. वाचक विचारतात: सही करू का? काउन्सिलपुढे बोलू का? की इन्स्पेक्टरला सरळ दारातूनच परत पाठवू? ते लिहितात, "घर माझं, कर्ज फिटलेलं, टॅक्सचा एक हप्ता चुकवलेला नाही. माझंच घर विकायला मला परवानगी कशाला हवी?" घरात ८८ वर्षांच्या आई आहेत, अनोळखी माणूस आत आला की त्या बिथरतात. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक वाक्य आहे: "२००५ मध्ये बेसमेंटमध्ये एक खोली आणि बाथरूम काढली, पाहुणे आले की तिथेच झोपतात. तेव्हा परमिट वगैरे काढलं नव्हतं, पण ते आता कोण बघतंय."

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्णपणे तुमच्या बाजूने होते. दुसऱ्यांदा वाचताना ते शेवटचं वाक्य खटकलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, की तुम्ही एक प्रश्न म्हणून विचारलेले हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गुंतागुंत सोडवल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

आधी हे सांगते, की तुमचा राग बिनबुडाचा नाही. सरकारी माणसाने वॉरंट न दाखवता घरात शिरावं का, हा वाद अमेरिकेत फार जुना आहे, आणि त्यात तुमच्यासारख्या साध्या घरमालकांनी मोठमोठ्या सिटींना हरवलेलं आहे. १९६३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कामारा नावाच्या एका भाडेकरूच्या दारात इन्स्पेक्टर आला. वॉरंट नाही म्हणून कामाराने त्याला आत घेतलं नाही. इन्स्पेक्टर पुन्हा आला, याने पुन्हा नकार दिला. शेवटी त्याच्यावर फौजदारी खटला भरला गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: घर तपासायचं असेल आणि मालक किंवा भाडेकरू नको म्हणत असेल, तर सिटीला वॉरंट आणावं लागेल, आणि नकार दिला म्हणून त्याला शिक्षा करता येणार नाही.

तुमच्या ओहायोत तर हा प्रश्न थेट घरविक्रीवरूनच कोर्टात गेला. सिनसिनाटीत नियम होता, की विकणाऱ्याने तपासणीचा दाखला खरेदीदाराला द्यायचा, नाही दिला तर गुन्हा. १९७६ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. कारण मालकापुढे दोनच वाटा उरत होत्या: वॉरंटशिवाय घर उघडा, नाहीतर गुन्हेगार व्हा. अशी संमती ही संमती नव्हे. इतकं स्पष्ट असूनही गावोगावी तसेच नियम चालू राहिले, आणि २०१८ मध्ये डेटनजवळच्या ओकवुडच्या बाबतीत फेडरल कोर्टाला पुन्हा तेच सांगावं लागलं.

म्हणून "दारातून परत पाठवू का?" याचं उत्तर: हो, तसा हक्क तुम्हाला आहे. मात्र सह्या गोळा करणाऱ्यांच्या पत्रकात बहुधा नसेल अशी दुसरी बाजूही ऐका. कामाराच्याच निकालात न्यायालयाने म्हटलं आहे, की असं वॉरंट मिळवायला त्या एका घराबद्दल विशिष्ट संशय असावाच लागतो असं नाही. इमारतीचं वय, त्या भागाची एकंदर अवस्था, मागच्या तपासणीला किती काळ लोटला, अशा गोष्टी पुरतात. तुमचं घर ९५ वर्षांहून जुनं आहे. सिटीला वॉरंट मिळवणं अवघड जाईल असं मला वाटत नाही. आणि नियमात वॉरंटची सोय लिहिलेली असेल, तर कोर्टं असे नियम टिकवतातही. शिकागोच्या दक्षिणेकडच्या कॅल्युमेट सिटीचा विक्रीपूर्व तपासणीचा नियम २००९ मध्ये फेडरल अपील कोर्टाने उचलून धरला, तो यामुळेच. तेव्हा पहिलं काम हे, की तुमच्या गावचा ठराव मुळातून वाचा. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. 'वॉरंट' हा शब्द त्यात आहे का ते बघा. तो नसेल आणि नकारासाठी शिक्षा लिहिलेली असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. तो असेल, तर नकाराने तुमच्या हाती फक्त काही आठवडे लागतील, आणि तेवढ्यात खरेदीदाराच्या कर्जाच्या व्याजदराची मुदत टळून जाईल.

आता तुमचं मुख्य वाक्य: "माझंच घर विकायला परवानगी कशाला?"

हे वाक्य आपल्या लोकांच्या तोंडी फार सहज येतं, आणि त्याला कारण आहे. आपल्यापैकी अनेकांनी पुण्यात, नागपुरात आईवडिलांचा फ्लॅट विकलेला असतो. सोसायटीचा ना-हरकत दाखला, मुद्रांक शुल्क, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, की झालं. महापालिकेचा माणूस येऊन तुमच्या स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड उघडून बघत नाही. जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट होतं, पण ते अख्ख्या इमारतीचं, आणि विक्रीशी त्याचा संबंध नसतो. शिवाय अमेरिकेतल्याही बहुतेक गावांत अशी सक्ती नाहीच. तिथे खरेदीदार स्वतःच्या पैशाने इन्स्पेक्टर लावतो आणि सौदा होतो. मग आपल्याच गावाला हे कुठून सुचलं, असं वाटणारच.

पण जरा आजूबाजूला बघा. क्लीव्हलंडला लागून असलेल्या पहिल्या फळीतल्या उपनगरांतली बहुतेक घरं १९१० ते १९५० च्या दरम्यानची आहेत. लाकडी पोर्च, स्लेटची छपरं, मातीच्या पाइपांची ड्रेनेज, शिसं असलेला जुना रंग. घरांसाठी असला रंग १९७८ मध्ये बंद झाला, म्हणजे तुमच्या घराने तो पन्नास वर्षं अंगावर घेतला असणार. २००७-०८ च्या कर्जबुडीत देशात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात मार बसलेल्या भागांत तुमची कुयाहोगा काउंटी होती. क्लीव्हलंडमधल्या स्लाव्हिक व्हिलेज या वस्तीचं नाव तेव्हा रोज बातम्यांत असायचं. तुम्ही १९९६ पासून तिथे आहात, म्हणजे हे सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय: बँकेने ताब्यात घेतलेली रिकामी घरं, चोरलेले तांब्याचे पाइप, आणि मग न बघताच दहा-दहा घरं उचलणारे बाहेरचे गुंतवणूकदार. असा गुंतवणूकदार रंगाचा एक हात मारून घर पुढे ढकलतो, आणि पहिल्या हिवाळ्यात घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडल्यावर नव्या कुटुंबाला कळतं की आपण काय घेतलंय. सिटीकडे त्याला धरण्याचा एकच क्षण असतो, क्लोजिंगचा. कारण त्याच दिवशी टेबलावर पैसे असतात.

म्हणजे हा नियम तुमच्यासारख्यांवर अविश्वास म्हणून आलेला नाही. तो आला दुसऱ्यांसाठी आणि लागला तुम्हाला. तुम्हाला होणारा त्रास याने कमी होत नाही, पण काउन्सिलपुढे उभे राहाल तेव्हा हे माहीत असलेलं बरं. नाहीतर "माझं घर, माझी मर्जी" म्हणालात की समोरचा एक प्रश्न विचारेल: "आणि तुमच्या शेजारचं पडीक घर?" मग तुमच्याकडे उत्तर नसेल. जाता जाता एक आठवण: गावाने जमीनवापराचे नियम करावेत की नाही, याचा देशातला सगळ्यात गाजलेला खटला तुमच्याच काउंटीतल्या युक्लिड गावचा, १९२६ चा. गाव जिंकलं. तुमचं घर त्यानंतर दोन वर्षांनी बांधलं गेलं. तुमच्या गल्लीत आजही कारखाना नाही, तो अशाच नियमांमुळे.

माझं स्वतःचं मत काय ते आता सांगते, कारण दोन्ही बाजू मांडून बाजूला सरणं मला बरोबर वाटत नाही. घराच्या आतली सक्तीची तपासणी ही विक्रीची अट असू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यातही सगळ्यात टोचतं ते हे, की दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीकडे बघत नाही. समजा साइडवॉक आणि ड्राइव्हवेचं काम ६,००० डॉलरचं निघालं. साडेतीन लाखांच्या घरात ते पचून जातं. त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या विधवा बाईचं घर जेमतेम ८० हजारांना जाणार असेल, तर तिच्या हातातून म्हातारपणाची पुंजीच गेली. ज्या वस्त्यांत घरांना वर्षानुवर्षं कमी भाव मिळाला, आणि तिथे मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबं राहतात हे आपल्याला माहीत आहे, तिथे हा नियम सगळ्यात जड पडतो. तुम्ही बोलणार असाल तर या बाईसाठी बोला. तुमच्या स्वतःच्या गैरसोयीपेक्षा त्या मुद्द्यात जास्त बळ आहे, आणि तो खराही आहे.

पण मी या नियमाच्या पूर्ण विरोधात जाऊ शकत नाही, आणि का ते सांगायला माझ्याच घराची गोष्ट सांगावी लागेल.

२००३ मध्ये आम्ही न्यू जर्सीत पहिलं घर घेतलं. आमचा खासगी इन्स्पेक्टर तीन तास फिरला, चाळीस पानांचा अहवाल दिला. मग नियमाप्रमाणे गावचा माणूस आला, तोही पाऊण तासच. बेसमेंटमध्ये मालकांनी सामान बांधून खोक्यांची भिंत रचून ठेवली होती. त्या माणसाने दोन खोकी सरकवली, वॉटर हीटरच्या मागे टॉर्च धरला आणि तसाच उभा राहिला. हीटरमधून धूर बाहेर नेणारा पत्र्याचा पाइप चिमणीत शिरतो, त्या सांध्यातून तो चार बोटं निसटलेला होता. वरच्या जॉइस्टवर, म्हणजे छताच्या तुळईवर, काजळीचा तपकिरी डाग पडला होता. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नव्हता. घर विकणारं जोडपं सत्तरीचं होतं. ते बऱ्याच दिवसांपासून सकाळी डोकं जड होतं म्हणून डॉक्टरकडे चकरा मारत होते. काकू तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या. माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती, आणि तिचा पाळणा आम्ही बरोबर त्या खोलीच्या वर ठेवणार होतो.

तेच घर आम्ही २०१४ मध्ये विकलं. या वेळी आलेल्या माणसाने अंगणातल्या एका फरशीची चीर, मागच्या दाराच्या कठड्याची पट्ट्यांमधली फट आणि गॅरेजच्या खिडकीची सोललेली कड लिहून दिली. दोनदा पुन्हा तपासणी, दोनदा फी. दुसऱ्या वेळी तर माणूस वेगळा, आणि पहिल्याने पास केलेली गोष्ट त्याने नापास केली. क्लोजिंग नऊ दिवस पुढे गेलं आणि आम्ही चौघे, दोन मुलं आणि सोळा खोकी, मित्राच्या घरी हॉलमध्ये झोपलो. मी इतकी चिडले होते, की त्या वेळी कोणी सह्यांचा कागद पुढे केला असता तर मी दोन्ही हातांनी सही केली असती.

दोन्ही अनुभव त्याच गावचे, त्याच नियमाचे. पाइप सापडला तेव्हा नियम बरोबर आणि फरशीवर अडला तेव्हा चूक, असं सोयीने म्हणता येत नाही. पण एवढं नक्की म्हणता येतं, की जीव जाऊ शकेल अशा गोष्टी आणि डोळ्यांना बऱ्या न दिसणाऱ्या गोष्टी एका यादीत एकाच वजनाने येऊ नयेत. माझा झगडा तेवढाच आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते. रागावू नका. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बऱ्याचदा अशीच शेवटी, जाता जाता लिहिलेली असते.

परमिट न काढता केलेली बेसमेंटची खोली आणि बाथरूम. मला विचारावंसं वाटतं, की इन्स्पेक्टरला आत न घेण्यामागे तत्त्व किती आणि ती बाथरूम किती? दोन्ही असू शकतात. भीती वाटते म्हणून तत्त्व खोटं ठरत नाही. पण स्वतःशी याचा हिशेब केल्याशिवाय काउन्सिलपुढे उभे राहू नका. तुम्ही गृहीत धरलंय, की हा नियम गेला तर बाथरूमचा प्रश्नही जाईल. तो जाणार नाही. ओहायोच्या कायद्याप्रमाणे घर विकताना मालमत्तेची माहिती देणारा राज्याचा फॉर्म तुम्हाला भरावाच लागतो. पाणी मुरतं का, छप्पर गळतं का, याबरोबर इमारतीच्या नियमांचा भंग तुम्हाला माहीत आहे का, हेही त्यात विचारलेलं असतं. तुम्हाला ते माहीत आहे, तुम्ही मला लिहून कळवलंय. सिटीने दार कधीच ठोठावलं नाही तरी तो फॉर्म खरा भरायचा आहे. लपवलंत आणि पुढे खरेदीदाराच्या हाती लागलं, तर तो तुम्हाला टेक्ससमध्ये शोधत येईल, तेही वकील घेऊन.

त्यामुळे तुम्ही पत्रात दिलेला क्रम मी उलटा करते. आधी बेसमेंट. घर विक्रीला लावण्याआधी, रिअल्टरला, म्हणजे घरांच्या एजंटला, बोलावण्याआधीसुद्धा. एक परवानाधारक इलेक्ट्रिशियन आणि एक प्लंबर बोलवा, त्यांना खरं सांगा, आणि मागाहून परमिट काढायचं तर काय काय लागेल ते विचारा. कदाचित एखाद्या ठिकाणी भिंत उघडून वायरिंग आणि पाइप दाखवावे लागतील. बाथरूममध्ये दमट हवा घराबाहेर सोडणारा एक्झॉस्ट पंखा हवा. सिंकजवळचं आउटलेट ते लाल-काळ्या बटणांचं, म्हणजे ओल्या हाताने शॉक लागायच्या आत वीज तोडणारं, हवं. हे सगळं होण्यासारखं आहे. अवघड प्रश्न खोलीचा आहे. तळघरातल्या खोलीला बेडरूम म्हणायचं असेल, तर आग लागल्यावर माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी लागते: साधारण ५.७ चौरस फूट उघडणारी, आणि खोलीच्या जमिनीपासून खिडकीची खालची कड ४४ इंचांपेक्षा उंच नको. १९२८ च्या बेसमेंटला छताला टेकलेल्या काचेच्या पट्ट्या असतात. त्यातून मांजरसुद्धा जेमतेम निघेल. नवी खिडकी पाडायची म्हणजे पाया कापायचा, खिडकीबाहेर खड्डा करून तो बांधून काढायचा. खर्च हजारांत जातो. तुम्हाला निघायचंच आहे, तर मी हा खर्च करायला सांगणार नाही. पलंग काढा, तिला बेडरूम म्हणू नका, जाहिरातीतही म्हणू नका, 'बसायची खोली' एवढीच राहू द्या. बाथरूम मात्र नियमित करून घ्या.

यानंतर तपासणीचा प्रश्न येतो, आणि आता तो तुम्हाला आधीपेक्षा कमी भयंकर वाटेल. लपवण्यासारखं काही उरलं नसेल, तर नकार द्यायचा की नाही हे तुम्ही मोकळ्या मनाने ठरवू शकता. तत्त्वासाठी नकार द्यायचा असेल तर तो लेखी द्या, नम्रपणे द्या, वॉरंटशिवाय आत येण्यास माझी संमती नाही एवढंच लिहा, आणि त्याआधी रिअल इस्टेटचं काम करणाऱ्या वकिलाला एक तास द्या. मी वकील नाही, आणि तुमच्या गावच्या ठरावातली अक्षरं वाचून सांगायला वकीलच हवा. नियम डावलून गुपचूप विकायचा विचार मात्र मनात आणू नका. अनेक गावांत तो दंडनीय गुन्हा आहे, आणि मुळात मालकीहक्काचे कागद तपासून व्यवहार पुरा करणारी टायटल कंपनी सिटीच्या कागदाशिवाय क्लोजिंगलाच बसणार नाही.

नकार द्यायचा नसेल, तर तपासणी लवकर करून घ्या. बहुतेक जण खरेदीदार सापडल्यावर धावपळ करतात, आणि तिथेच सगळं फसतं. मार्च-एप्रिलमध्ये घर बाजारात आणायचं असेल तर ऑक्टोबरमध्ये अर्ज करा, म्हणजे काँक्रीट गोठायच्या आत साइडवॉक होईल; ओहायोच्या जानेवारीत कोणी काँक्रीट ओतत नाही. दाखला किती महिने चालतो ते आधी विचारून घ्या. यादी आली की तिचे तीन भाग करा. आग, वीज, गॅस, जिन्याचे कठडे हे लगेच, तुम्ही स्वतः तिथे राहताय म्हणूनच लगेच. साइडवॉक, ड्राइव्हवे, गॅरेज यांचे तीन ठिकाणांहून अंदाज घ्या. आणि जे पटत नाही त्यावर अपील करा. बहुतेक गावांत त्यासाठी मंडळ असतं, लोक तिथे जातच नाहीत. चुकून नापास केलेलं अपिलात सुटू शकतं.

सगळं स्वतःच करायला हवं असंही नाही. तुमच्या भागातल्या बऱ्याच गावांत खरेदीदार उरलेली यादी अंगावर घेऊ शकतो, फक्त त्या कामांच्या अंदाजाइतकी किंवा त्याहून जास्त रक्कम एस्क्रोत ठेवावी लागते. तुमच्या गावात नेमका आकडा काय, आणि सिटीचा अंदाज चालतो की कंत्राटदाराचा, हे विचारा. फरक हजारो डॉलरचा पडू शकतो. तरुण जोडपं असेल, स्वतः हाताने काम करणारं, तर त्यांना हे आवडतंही. किमतीत थोडं सोडा आणि मोकळे व्हा. एक मात्र लक्षात ठेवा, सिटीचा दाखला म्हणजे घराची हमी नव्हे. खरेदीदार आपला इन्स्पेक्टर आणणारच, आणि तो ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालेल, जमिनीतून येणारा रेडॉन हा घातक वायू मोजेल. सिटीचा माणूस सहसा तसलं काही करत नाही.

सहीबद्दल. कागदावर काय लिहिलंय ते बघून करा. "तपासणी बंद करा" एवढंच असेल तर मी करणार नाही. त्या मागणीने काउन्सिलातला एकही सदस्य हलणार नाही, कारण पडीक घरांच्या तक्रारींचे फोन रोज त्यालाच येतात. त्यापेक्षा गल्लीतल्या लोकांना बसवा आणि मागणी बदलून घ्या. दुसरीकडे काय चाललंय ते दाखवा. पेनसिल्व्हेनियाने २००० मध्ये कायदा केला आणि २०१६ मध्ये तो पक्का केला: चुका निघाल्या तरी गावाने विक्री अडवायची नाही, तात्पुरता दाखला द्यायचा आणि खरेदीदाराला दुरुस्तीसाठी १२ महिने द्यायचे. मिनियापोलिसमध्ये सिटीचा नोकर येत नाही, परवाना असलेला खासगी तपासनीस विकणारा स्वतः निवडतो आणि अहवाल येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला दाखवला जातो. शेजारच्या सेंट पॉलमध्ये तर सगळा भर दुरुस्तीच्या सक्तीपेक्षा माहिती उघड करण्यावर. न्यू जर्सीत राज्यभर सक्ती आहे ती धुराचा अलार्म, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि आग विझवण्याचं नळकांडं यांची. बाकी प्रत्येक गावाचं वेगळं. यातून तुमच्या गावाला बसेल असा अंगरखा शिवता येतो: आतून फक्त जिवाशी संबंधित छोटी यादी, तीही आधी छापून दिलेली, बाहेरून जे रस्त्यावरून दिसतं ते, नकार दिला तर वॉरंटची वाट स्पष्ट लिहिलेली, आणि ज्यांचं उत्पन्न कमी त्यांना दुरुस्तीचे पैसे क्लोजिंगनंतर विक्रीतून वळते करण्याची सोय.

आणि तुम्ही कंसात लिहिलंय, "आपण बाहेरून आलेले, आपण बोलावं का?" मला या वाक्याने वाईट वाटलं. तीस वर्षांचा टॅक्स, दोन मुलं तिथल्या शाळेत वाढवलेली, आणि अजून आपण बाहेरचे? काउन्सिलच्या बैठकीत साधारण तीन मिनिटं मिळतात. ती तुमची आहेत. घरी घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचून बघा, कारण आपण इंग्रजीत बोलताना प्रस्तावनेतच दोन मिनिटं घालवतो. तुमचं घर, त्याचं साल, तुम्ही काय दुरुस्त केलंत, आणि पलीकडच्या टोकाच्या त्या बाईला ६,००० डॉलर म्हणजे काय, एवढं सांगा. बेसमेंटचं परमिट तोवर हातात असेल तर तेही सांगा. स्वतःची चूक आधी निस्तरून आलेल्या माणसाचं लोक ऐकतात.

तुमच्या आईंबद्दल दोन गोष्टी. वेळ मागताना सिटी हॉलला सांगा, की घरात वयस्कर व्यक्ती आहे, सकाळी दहानंतरची वेळ हवी. एवढं बहुतेक जण ऐकतात. माणूस आला की आधी त्याला त्यांच्यापाशी न्या, नाव सांगा, काय बघायला आलाय ते मराठीत सांगा, आणि बूट काढायला किंवा वर कापडी आवरण घालायला सांगा. देवघराच्या खोलीत आउटलेट बघायचं असेल तर तुम्ही सोबत उभे राहा. त्या खोलीला त्याला दोन मिनिटंही लागणार नाहीत. शक्य असेल तर त्या तासाभरासाठी एखाद्या मैत्रिणीला त्यांच्याजवळ बसवा, चहा करून. त्यांना लपवून किंवा बाहेर पाठवून तपासणी करू नका. परत आल्यावर खुर्ची जरी हललेली दिसली तरी त्या जास्त घाबरतील.

आणि एक गोष्ट परमिटची, नियमाची, सहीची वाट न बघता आज संध्याकाळीच करा. दिवाळीला पाहुणे येणार असतील तर त्यांना वर हॉलमध्ये गाद्या घालून द्या. त्या बेसमेंटच्या खोलीत यापुढे कोणालाही झोपवू नका.